देणगीदार संस्थेचे असावेत, एका माणसाचे नव्हे

निधी उभारणारी व्यक्ती नोकरी सोडते तेव्हा संस्थेत पहिली धावपळ होते ती फोन नंबरांसाठी. कोण कधी देतं, कुणाला मेल चालतो, कुणाशी बोलावंच लागतं, हे फक्त तिलाच माहीत असतं. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या संस्थांसाठी हे काम करते आहे. कुठल्याही नव्या संस्थेत गेले की मी जमाखर्चाच्या आधी एकच गोष्ट विचारते: "उद्या हा माणूस आला नाही, तर देणगीदारांशी कोण बोलेल?" उत्तराला वेळ लागला, की काम कुठून सुरू करायचं ते मला कळतं.

ही अडचण एकट्यादुकट्या संस्थेची नाही. २०१३ साली अमेरिकेत कॉम्पासपॉइंट या संस्थेने २,७०० हून अधिक कार्यकारी संचालक आणि निधी-प्रमुखांचा अभ्यास केला. निधी-प्रमुखांपैकी निम्म्या लोकांनी दोन वर्षांच्या आत नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला. निधीची जबाबदारी एकट्याच्या गळ्यात, हाताशी धड नोंदी नाहीत आणि बाकीच्यांचं म्हणणं "ते तुमचं खातं". अशा ठिकाणी कितीही हुशार माणूस आणला तरी तो टिकत नाही.

सुरुवात नोंदींपासून करा. महागडं सॉफ्टवेअर नंतर बघू. साधी एक्सेल शीट पुरते. नाव, संपर्क, रक्कम आणि तारीख हे रकाने सगळेच ठेवतात. त्यात तीन वाढवा: पहिल्यांदा का दिलं, शेवटचं बोलणं काय झालं, पुढचं बोलणं कोण करणार. यातला पहिला रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो देणगीदाराच्याच शब्दांत भरा. "आरोग्याची आवड" असं लिहून कुणालाच काही कळत नाही. "आईच्या शेवटच्या आजारपणात एक नर्स रात्रभर तिच्याजवळ बसली होती, म्हणून" असं लिहिलं, तर पाच वर्षांनी आलेला नवा कार्यकर्ताही त्या माणसाशी नीट बोलू शकेल. एक पथ्य मात्र पाळा. देणगीदाराने स्वतः ती नोंद वाचली तर त्याला वाईट वाटेल, असं काहीही तिथे लिहायचं नाही. आणि ती शीट कोण उघडू शकतं हेही ठरवून ठेवा.

यानंतर आभार. माझं सगळ्यात जास्त लक्ष इथे असतं, कारण गळती इथेच होते. अमेरिकेतले आकडे वर्षानुवर्षं साधारण हेच सांगतात की पहिल्यांदा देणाऱ्या पाच जणांपैकी जेमतेम एक पुढच्या वर्षी पुन्हा देतो. म्हणजे नवे देणगीदार शोधण्यात जीव आटवायचा आणि आलेल्यांना तसंच जाऊ द्यायचं! म्हणून पहिली देणगी आल्यापासून दोन दिवसांत फोन गेलाच पाहिजे, आणि तो निधी विभागातून जाऊ नये. लेखापालाने करावा, शिक्षिकेने करावा, गाडी चालवणाऱ्या सहकाऱ्याने करावा. आठवड्याची पाळी लावा. बोलणं अगदी थोडं: "मी इथे अमुक काम करते. तुमची देणगी मिळाली, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?" मग गप्प बसून ऐकायचं, आणि जे ऐकलं ते शीटमध्ये टाकायचं. या फोनवर काहीही मागायचं नाही. कुणी विचारलं, "अजून काही हवं आहे का?" तरी, "आज फक्त आभार मानायला फोन केला" एवढंच म्हणायचं.

सुरुवातीला लोक बिचकतात. लेखापाल म्हणतात, "मला बोलता येत नाही." दोन-चार फोन झाले की तेच जेवणाच्या सुट्टीत सांगत बसतात, आज कोण काय म्हणालं ते. निधी उभारणी सगळ्यांची होते ती अशी. कार्यशाळा घेऊन हे साधलेलं मी पाहिलेलं नाही.

उलट्या दिशेनेही दार उघडं ठेवा. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांची भेट अशाच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी घालून दिली. भेट जेमतेम पाच मिनिटांची. महिन्याभराने बघितलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि जमलेली रक्कम अडीच पटींच्या पुढे गेली होती. त्यामुळे निधीचं काम करणाऱ्याला कागदपत्रांत कोंडू नका. महिन्यातून एक दिवस तरी प्रत्यक्ष कामावर पाठवा. मात्र ज्यांच्यासाठी आपण काम करतो, त्यांना देणगीदारांपुढे उभं करण्याची सक्ती कधीही नको. आधी विचारा, आणि नकार आला तर त्यांच्या मदतीत तसूभरही फरक पडू देऊ नका.

विश्वस्तांचा मुद्दा नाजूक असतो. "मी पैसे मागू शकत नाही" असं म्हणणाऱ्यावर जबरदस्ती करून काही निघत नाही. मी त्यांच्यासमोर कामांची यादी ठेवते: ओळख करून देणं, भेटीला सोबत येणं, पत्राखाली हाताने दोन ओळी लिहिणं, आभाराचे फोन. प्रत्येकाने एक निवडायचं आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी: दरवर्षी स्वतः काहीतरी देणं. रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि ती बैठकीत वाचून दाखवायची नाही. स्वतः दिलेला माणूस दुसऱ्याशी बोलताना अडखळत नाही.

निधी उभारणाऱ्याला पगाराऐवजी जमलेल्या रकमेवर टक्केवारी देण्याचा मोह होईल. देऊ नका. निधी उभारणाऱ्यांच्या एएफपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही त्याला मनाई आहे. टक्केवारीवर जगणारा माणूस या महिन्याचा विचार करतो, देणगीदाराला विश्वास बसायला मात्र वर्षं लागतात. नियमित पगार द्या आणि तो खर्च अहवालात लपवू नका. रकमेबरोबर पुन्हा देणारे किती आणि दोन दिवसांत आभाराचे फोन किती गेले, हेही दर तिमाहीला मोजा.

"मला पुन्हा संपर्क करू नका" असं कुणी म्हटलं तर त्याच दिवशी नोंद करा, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी करा. ब्रिटनमध्ये देणग्यांसाठी लोकांच्या मागे लागण्याचा इतका अतिरेक झाला की २०१५ साली संताप उसळला आणि २०१६ मध्ये वेगळा नियामक नेमावा लागला. तिथे चांगलं काम करणाऱ्या संस्थांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

शेवटी हस्तांतर. त्याची तयारी राजीनाम्यानंतर करायची नसते. मोठ्या देणगीदाराच्या भेटीला पहिल्यापासून दोघांनी जा, आणि त्यातला एक निधी विभागाबाहेरचा असू द्या. कुणी जाणार असेल, तर शेवटच्या महिन्यात त्याला नवं काहीही मागायला लावू नका. तो महिना त्याने प्रत्येक जुन्या देणगीदाराला फोन करून, पुढे बोलणाऱ्या सहकाऱ्याची त्याच फोनवर ओळख करून देण्यासाठी ठेवा. यातलं काहीच अजून सुरू नसेल, तर या आठवड्यात शीटमधली वीस नावं काढा, "का दिलं" हा रकाना कुणाकुणाचा रिकामा आहे ते बघा, आणि त्यांना फोन करून विचारा.