तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) नोरोव्हायरस अहवाल ‘निगेटिव्ह’ आला? आधी या चुका तपासा

उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसची तपासणी शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं सगळं लक्ष आरटी-पीसीआरच्या, म्हणजे विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) शोधणाऱ्या, मशीनकडे असतं. कोविडनं ते नाव घरोघरी पोचवलं ना! पण घोळ होतो तो मशीनच्या कितीतरी आधी, बहुतेकदा सुरीखालीच.

तिसऱ्या किंवा कालवं अख्खी मिक्सरला लावू नका. हे जीव तासाला काही लिटर पाणी गाळतात. खाडीत सांडपाणी मिसळलं की विषाणू मांसभर सारखे पसरत नाहीत, पाचकग्रंथीत साठतात. मांसाच्या मधला काळपट-हिरवा गोळा तो हाच. तो सोडवून, बारीक चिरून, त्यातले २ ग्रॅम घ्यायचे; आयएसओ १५२१६ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतही हेच सांगते. एका नमुन्याला निदान १० शिंपले हवेत, कारण एकाच खडकावरच्या दोन कालवांतही फरक पडतो. सगळं मांस वाटलंत तर विषाणू विरळ होतो आणि पीसीआर अडवणारं ग्लायकोजेन मात्र भरपूर येतं.

आता माझीच फजिती. एकदा आठवडाभर सगळे नमुने निगेटिव्ह येत होते आणि आम्ही खुशीत. मग कुणीतरी विचारलं, मेंगोव्हायरस किती परत मिळाला? तपासणीत विषाणू किती हातचे निसटतात हे कळावं म्हणून हा दुसराच विषाणू नमुन्यात सुरुवातीलाच मोजून टाकायचा असतो आणि शेवटी निदान १ टक्का तरी हाती लागावा लागतो. आमचा त्याहून कमी. प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून नमुना ३७ अंशांवर तासभर हलवायचा असतो. आमचं शेकर हलत होतं, तापत नव्हतं! अख्खा आठवडा पुन्हा करावा लागला.

मेंगो ठीक आला तरी नमुन्यातलं काही पीसीआरला अडवतंय का, तो अडथळा तपासा. आरएनएमध्ये बाहेरून मोजका कंट्रोल आरएनए घाला. तो स्वच्छ पाण्यात दिसतो त्यापेक्षा सुमारे २ सायकलींहून (पीसीआरच्या फेऱ्यांहून) जास्त उशिरा दिसला, तर अडथळा ७५ टक्क्यांपलीकडे गेला. अशा वेळी आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. कित्येकदा तेवढ्यानंच भागतं. उलट, कोऱ्या नमुन्यातही विषाणू दिसू लागला, तर पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम विषाणूचा आरएनए असलेला नमुना) कुठल्या टेबलावर उघडता ते बघा, तिथूनच तो सांडत असेल.

पाण्याची गोष्ट वेगळी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बाटलीतच सोडियम थायोसल्फेटनं मारा, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते विषाणूंवर काम करत राहतं. धनभारित (धन विद्युतभार असलेला) फिल्टर गोड्या पाण्यात विषाणू छान पकडतो, खाऱ्यात त्याची पकड ढिली पडते. आणि पावसाळ्यात मिठी नदीचं गढूळ पाणी थेट त्यावर ओतलंत तर तो तुंबणारच. आधी जाड गाळणी लावा, पण गाळ फेकू नका, विषाणू त्यालाही चिकटलेले असतात.

‘ई. कोलाय (मैल्यातला जिवाणू) नाही, म्हणजे विषाणू नाही’ हा समज सर्वांत चिवट. स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या कालवांतून ई. कोलाय एकदोन दिवसांत उतरतो. नोरोव्हायरस मात्र त्यांच्या आतड्यातल्या शर्करा-रेणूंना धरून बसतो. घरी तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवतो तेव्हा वाळू सुटते, एवढंच.

पॉझिटिव्ह आला तरी लगेच ‘जिवंत विषाणू सापडला’ असं लिहू नका. पीसीआर जनुकाच्या प्रती मोजतो. त्यातले किती विषाणू कुणाला आजारी पाडतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अहवालात ‘आरएनए आढळला’ एवढंच लिहा.