मानवशास्त्राच्या मास्टर्ससाठी परदेशात जाताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की मुलांचे मेसेज सुरू होतात, सर, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), एडिनबरा आणि ऑक्सफर्ड शॉर्टलिस्ट केलंय, यातलं कुठलं चांगलं? कशावर काम करायचंय असं विचारलं की उत्तर येतं, ते तिकडे गेल्यावर बघू. बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपल्या विषयात आधी कुठल्या लोकांबरोबर काम करायचं ते ठरतं, मग ते कधी आणि किती दिवस करता येईल ते बघायचं, युनिव्हर्सिटीचं नाव सगळ्यात शेवटी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॅलेंडर न बघणं. यूकेचं मास्टर्स साधारण एक वर्षाचं, सप्टेंबरला सुरू होतं, वसंतापर्यंत लेक्चर आणि निबंध, मग उन्हाळ्यात डिझर्टेशन म्हणजे प्रबंध. म्हणजे फील्डवर, प्रत्यक्ष लोकांमध्ये, जायला वेळ मिळतो तो आपल्या ऐन पावसाळ्यात, तोही जेमतेम काही आठवडे. फलटणकडची एक मुलगी, अतिशय हुशार, धनगरांच्या स्थलांतरावर काम करायचं म्हणून कर्ज काढून गेली. आता तिकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, तिथे शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत घाटावर येतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण अर्ज करताना कोर्सचं वेळापत्रक धनगरांच्या या वर्षाशेजारी ठेवून बघितलंच नाही, कारण कन्सल्टन्सीवाल्याने घाई लावली होती. त्यात एथिक्सचा, म्हणजे संशोधनासाठी लागणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या परवानगीचा, फॉर्म परत आला, लेखी संमती कशी घेणार त्याचं नीट उत्तर नाही म्हणून, आणि मंजुरीशिवाय एकही मुलाखत घेता येत नाही. सगळं मार्गी लागून ती पोचली तोवर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं, कधीच घरी आले होते. एक म्हातारबा तिला म्हणाले, "पोरी, आता काय बघणार, दिवाळीनंतर ये, संगं चल." दिवाळीनंतर तिचा कोर्सच संपलेला होता. तिने म्हाताऱ्यांकडून जुन्या वाटांच्या आठवणी गोळा केल्या, डिझर्टेशन चांगलं झालं, मार्कही मिळाले, पण वाड्याबरोबर चालायचं राहिलं ते राहिलंच. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून मी प्रत्येकाला एका कागदावर बारा महिने लिहायला लावतो, वरच्या ओळीत त्या लोकांचं वर्ष आणि खालच्या ओळीत कोर्सचं. आषाढी वारीवर काम करायचं असेल तर यूकेचा उन्हाळा जुळू शकतो, अर्थात एथिक्सची मंजुरी मेमध्येच हातात हवी. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात, म्हणजे फडावरचं काम बघायचं तर यूकेचा कोर्स उपयोगाचा नाही. नेदरलँड्समधल्या लायडनचं मास्टर्सही एक वर्षाचंच आहे पण तिथे फील्डवर्क जानेवारीच्या सुमारास सुरू होतं, आणि तेव्हा धनगर कोकणात असतात, ऊसतोडवाले फडावर असतात. हा कागद भरायला अर्धा तास लागत नाही, तेवढा धीर ज्याला नाही त्याने फील्डवर्कच्या विषयात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, डिपार्टमेंटचा कल न बघणं. पुण्यात आपण शारीरिक, सामाजिक आणि प्रागैतिहासिक असं सगळं थोडं थोडं शिकतो, म्हणून वाटतं सगळीकडे असंच असणार. अमेरिकेतल्या बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये भाषा आणि पुरातत्त्व धरून चारही शाखा असतात, पण एलएसईला फक्त सामाजिक. हाडांवर किंवा जनुकांवर काम करायचं असेल तर यूकेत यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन), डरहॅम बघा. जर्मनीत लाइपझिगची मॅक्स प्लांक संस्था उत्क्रांतीवर काम करते, 2022 चं नोबेल मिळालेले जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो तिथलेच, आणि हाले शहरातली मॅक्स प्लांक संस्था सामाजिक मानवशास्त्रावर. लग्नाच्या चालीरीतींवरचं प्रपोजल लाइपझिगच्या जनुकवाल्यांना पाठवणारी मुलं मी बघितली आहेत.

एकाच प्रोफेसरवर सगळी भिस्त ठेवणं हेही नको. आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये लंडनला हॉबहाउसकडे गेले, मग केंब्रिजला रिव्हर्सकडे, आणि 1922 मध्ये रिव्हर्स अचानक वारले. केंब्रिजलाच हॅडन होते म्हणून त्यांची पीएचडी पार पडली. तुमच्या विषयाची किमान दोन माणसं तिथे हवीत, आणि त्या वर्षी कोणी सब्बॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर, आहे का हे मेल करून सरळ विचारा, राग येत नाही कोणाला.

स्कॉलरशिपचे नियम अर्जाच्या आदल्या रात्री वाचू नका. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. आपल्या विषयाच्या मुलांना याचा सरळ फटका बसतो आणि मला तो निर्णय अन्यायाचा वाटतो, पण फॉर्म भरणाऱ्याने त्या वर्षीचं परिपत्रक वाचलंच पाहिजे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस रँकिंगची, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या जागतिक क्रमवारीची, अट असते, ती एकूण रँकिंगची, विषयाच्या नाही. लंडनचं सोआस मानवशास्त्राच्या यादीत वर दिसतं, एकूण यादीत बरंच खाली.

जर्मनीत फुकट शिकायचं म्हणून हायडेलबर्ग निवडताना लक्षात ठेवा, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं. एपीएस सर्टिफिकेटला (जर्मनीसाठी आपल्या पदव्यांची पडताळणी) वेळ लागतो, आधी ते लावा. वेबसाइट इंग्रजीत असली तरी कोर्स जर्मनमध्ये असू शकतो.

एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, "मला लहानपणापासून आदिवासी संस्कृतीची आवड आहे" हे वाक्य नको. कुठलं गाव, कुठले लोक, तुम्ही तिथे काय बघितलं ते लिहा. आणि प्रोफेसरला मेल करण्याआधी त्यांचा एक तरी लेख शेवटपर्यंत वाचा, गोषवारा वाचून केलेला मेल त्यांना पहिल्या दोन ओळींत कळतो.