स्ट्रायकरची ग्रॅपलिंग जोखताना या चुका टाळा

एमएमएमध्ये (मिश्र मार्शल आर्ट्स) स्ट्रायकर, म्हणजे ठोसे-लाथांवर भर देणारा लढवय्या, एखाद्या तगड्या कुस्तीगिरासमोर किती टिकेल, हा अंदाज बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो: ग्रॅपलिंग, म्हणजे पकडीची झुंज, हे एकच कौशल्य धरून त्याला एकच गुण दिला जातो. प्रत्यक्षात अंतर राखणं, पहिली पकड मोडणं, रिंगणाभोवतीच्या जाळीला टेकून झुंजणं, खाली गेल्यावर उठणं आणि गळा-सांधे वाचवणं ही पाच निरनिराळी कामं आहेत. एकात पक्का असलेला लढवय्या दुसऱ्यात सपशेल कच्चा असू शकतो.

टक्केवारीवर विसंबणं

टेकडाउन डिफेन्सची (खाली पाडण्याचे प्रयत्न अडवण्याची) टक्केवारी प्रतिस्पर्ध्याचे किती प्रयत्न फसले, एवढंच सांगते. 10 पैकी 8 प्रयत्न अडवले की 80 टक्के. पण उरलेल्या दोन वेळा तो प्रत्येकी चार मिनिटं खाली अडकून राहिला असेल, तर पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांपैकी दोन गेल्यातच जमा. म्हणून सोबत कंट्रोल टाइम, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने त्याला किती वेळ दाबून ठेवलं, ते पाहा, आणि त्याआधी प्रयत्न करणारे कोण होते ते पाहा. मार खाऊन भेलकांडलेल्याने लांबून घेतलेली झेप आणि ताज्या दमाच्या कुस्तीगिराने ठोशाआड लपवून काढलेला पट, आकड्यांत दोन्ही एकेकच प्रयत्न.

जुलै 2015 मध्ये यूएफसी या एमएमए संघटनेच्या 189 क्रमांकाच्या कार्यक्रमात कुस्तीगीर चॅड मेंडिसने स्ट्रायकर कॉनर मॅकग्रेगरला अनेकदा खाली घेतलं, तरी मॅकग्रेगर उठला आणि दुसरी फेरी संपता संपता त्याने ठोशांनी लढत जिंकली. ‘कुस्तीगीर त्याला रोखू शकत नाहीत’ असा निष्कर्ष तेव्हा सोपा होता. पण मेंडिस बदली म्हणून ऐनवेळी आला होता, त्याला पुरती तयारी मिळाली नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये पूर्ण तयारीचा कुस्तीगीर खबीब नुरमागोमेदोव समोर आला, तेव्हा चौथ्या फेरीत मॅकग्रेगरला हार मानावी लागली.

पडणं मोजायचं, उठणं नाही

ही सर्वांत महागात पडणारी चूक. टेकडाउन झालं की बघणारा मान हलवतो, पण खरी परीक्षा पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत असते. चांगला उठणारा लढवय्या पाठ सपाट टेकू देत नाही. तो लगेच एका कुशीवर वळतो, एक हात मागे जमिनीवर रोवतो, कंबर सरकवत जाळीपर्यंत नेतो आणि पाठ जाळीला लावून एक पाय पोटाखाली ओढून घेतो. त्याच वेळी दुसरा हात प्रतिस्पर्ध्याच्या मनगटाशी झगडत असतो. मांड्यांमागे जुळलेले हात सुटले नाहीत, तर उभं राहूनही तो पुन्हा खाली येणार.

बिघडतं कुठे, ते पाहायचं तर दोन जागांवर नजर ठेवा. पहिली, पाय: वरच्याने दोन्ही घोटे आपल्या पायांत अडकवले की कंबर उचलताच येत नाही. दुसरी, रोवलेला हात: वरच्याने त्याचं मनगट पाठीमागून ओढून घेतलं की आधार जातो आणि तोंडावर ठोसे बसू लागतात. उठण्याच्या घाईत मनगट न सांभाळता पाठ देणारा लढवय्या आज सुटला, तरी मागून गळा आवळणाऱ्यासमोर त्याचं काही खरं नाही.

फेरी संपली म्हणून किंवा पंचाने उभं केलं म्हणून सुटला असेल, तर ते उठणं धरू नका. जुन्या प्राइड या जपानी संघटनेतल्या लढतींवरूनही थेट अंदाज बांधू नका. तिथे दोरांचं रिंगण होतं. पाठ टेकवून उठायला जाळीच नव्हती.

पहिल्या फेरीवरून शिक्का मारणं

स्प्रॉलला, म्हणजे पाय मागे फेकून अंगाचा भार प्रतिस्पर्ध्यावर टाकत टेकडाउन अडवण्याला, पायांचा जोर लागतो आणि तो ओसरतो. मार्च 2021 मध्ये स्ट्रायकर इस्राएल अदेसान्या यान ब्लाहोविचविरुद्ध बराच वेळ उभ्याने लढला. चौथ्या आणि पाचव्या फेरीत मात्र ब्लाहोविचने त्याला खाली घेऊन दाबून ठेवलं आणि निर्णय जिंकला. तरी इथे एक सावधगिरी हवी: अदेसान्या 185 पौंडांच्या गटातून 205 च्या गटात गेला होता. वजनाचा फरक न धरता तंत्राला दोष देणं अन्यायाचं होईल.

कुस्तीची पूर्वपीठिका किंवा ग्रॅपलिंगचा बेल्ट पाहून निर्धास्त होणं

जस्टिन गेथजी अमेरिकी कॉलेज कुस्तीतला डिव्हिजन वनचा ऑल-अमेरिकन, म्हणजे सर्वोच्च विभागातल्या पहिल्या आठांतला. तरीही 2020 मध्ये खबीबने त्याला दुसऱ्या फेरीत ट्रँगल चोकमध्ये (पायांनी गळा आवळण्याच्या डावात) अडकवलं. टेकडाउन रोखणं आणि सबमिशनमधून, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या गळा-सांध्यांच्या डावातून, सुटणं यांचा सराव वेगळा असतो.

उलट, सबमिशन येतं म्हणून ते कधी लावावं हे कळतंच असं नाही. जानेवारी 2022 मध्ये सिरिल गानने फ्रान्सिस एनगानूविरुद्ध पाचव्या फेरीत वरची जागा मिळवली होती. ती सोडून तो पायाच्या डावाला गेला, आणि एनगानू वर आला.

जुन्या लढतीला चिकटून राहणं

त्याच एनगानूला जानेवारी 2018 मध्ये स्टिपे मिओचिचने वारंवार खाली घेऊन दमवलं होतं. मार्च 2021 च्या परतीच्या लढतीत एनगानूने मिओचिचचा टेकडाउन स्प्रॉल करून मोडला आणि दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. गेल्या दीड-दोन वर्षांतल्या लढतींना जास्त वजन द्या.

फक्त पकडीचे क्षण पाहणं

टेकडाउनची भीती हातापायांतही दिसते. किक कमी होतात, हात कंबरेच्या उंचीवर उतरतात, पाठ जाळीकडे सरकत जाते. पुढचा पाय फार पुढे आणि त्यावरच भार असेल, तर सिंगल लेग (एक पाय धरून पाडणं) आयता मिळतो. एकही टेकडाउन न होता फेरी हातची जाते, ती अशी. म्हणून लढत दुसऱ्यांदा पाहताना ठोशांकडे दुर्लक्ष करा आणि फक्त त्याचे पाय जाळीपासून किती अंतरावर आहेत, ते बघत राहा.