लेट्यूस पिवळं पडतंय? टाकीत खत ओतण्याआधी या चुका टाळा

एनएफटी (मातीशिवाय, मुळांखालून पोषक द्रावणाचा पातळ थर वाहता ठेवण्याची पद्धत) चॅनेलमधलं लेट्यूस फिकट दिसायला लागलं की पहिला हात खताच्या डब्याकडे जातो. तो आवरा. बहुतेक वेळा अन्नद्रव्य टाकीत असतं, मुळांना ते उचलता येत नसतं. अशा वेळी वरून ओतलेलं खत ईसी (द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप) चढवतं, मुळांवर ताण आणतं आणि खरं कारण झाकून टाकतं. आधी मीटर, मग मुळं, मग पान आणि खत अगदी शेवटी, हा क्रम मोडू नका.

मीटर न तपासता निदान करणं

पीएच मीटर आठवड्यातून एकदा ७.०० आणि ४.०१ च्या बफरमध्ये जुळवून घ्या. त्याचं टोक कोरडं राहू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नका. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं साठवण द्रावण मिळतं. ईसी मीटर १.४१३ (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) च्या द्रावणात तपासा.

पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दाखवणारा मीटर असेल तर त्याची पट्टी ५०० ची आहे की ७०० ची, हे पाहून ठेवा. ईसी २.० असलेलं एकच द्रावण एका पट्टीवर १००० दिसतं, दुसरीवर १४००. दुसऱ्याच्या शेडमधला आकडा आपल्या टाकीला लावून रोपं जळतात ती इथेच. लेट्यूससाठी ईसी १.२ ते १.८ आणि पीएच ५.५ ते ६.२ ठेवा. उन्हाळ्यात रोप पाणी जास्त ओढतं, म्हणून ईसी १.२ च्या आसपासच बरा.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट नसणं

महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणाच्या भागात सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. सकाळी पीएच ५.८ वर आणून ठेवला तरी तो पुन्हा वर सरकतो. पीएच साडेसहाच्या वर राहिला की फेरस ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं चिलेट खत) टिकत नाही, लोह साक्याच्या रूपात बसतं आणि गाभ्यातली कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणखी ईडीटीए टाकलं तर तेही त्याच वाटेने जातं.

रिपोर्टमध्ये पीएचपेक्षा बायकार्बोनेटचा आकडा महत्त्वाचा. दर ६१ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट. समजा आकडा ३०५ आला, म्हणजे ५ झाले. पीएच स्थिर राहावा म्हणून त्यातला १ शिल्लक ठेवायचा आणि ४ मारायचे, म्हणजे ॲसिडने संपवायचे. १००० लिटर पाण्यातला १ मिलिइक्विव्हॅलंट मारायला ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड सुमारे ६८ मिलि लागतं, ६० टक्के नायट्रिक सुमारे ७७ मिलि.

चारही फॉस्फोरिकने मारले तर पाण्यात सुमारे १२४ पीपीएम स्फुरद जाईल. लेट्यूसला ३० ते ५० पुरतं. जादा स्फुरद लोह आणि जस्ताच्या आड येतं. म्हणून १ फॉस्फोरिकने आणि उरलेले ३ नायट्रिकने मारा. नायट्रिकमधून साधारण ४२ पीपीएम नत्र मिळतं, ते खताच्या हिशोबातून वजा करा. फॉस्फोरिकमधून आलेल्या ३१ पीपीएम स्फुरदापोटी ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) सुमारे १३५ ग्रॅमने कमी करा आणि त्यासोबत घटलेलं पालाश भरून काढायला ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) सुमारे ९० ग्रॅम वाढवा.

ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच. मग पाणी काही तास हवेच्या पंपाने ढवळून कार्बन डायऑक्साइड निघू द्या आणि पुन्हा मोजा. पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळता आलं तर ॲसिडचा खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात.

पीएच जागेवर आल्यावरच लोह द्या. २ पीपीएमसाठी १००० लिटरला ११ टक्के लोहाचं डीटीपीए चिलेट सुमारे १८ ग्रॅम पुरतं. पीएच सातपर्यंत गेला तरी ते टिकतं. टाकी झाकलेली ठेवा, कारण उन्हाने चिलेट तुटतं आणि शेवाळही माजतं.

१९:१९:१९ वर भागवणं

हे खत मातीसाठी चांगलं आहे, एनएफटीसाठी नाही. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया ईसी मीटरला दिसत नाही आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय त्याचं रूपांतर नीट होत नाही. शिवाय यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही.

त्याऐवजी घट्ट द्रावणाच्या दोन टाक्या करा. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. बी मध्ये ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यं. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) कुठेही चालतं. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली तर पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं खत. तळाशी असा गाळ दिसला तर पानांवरच्या लक्षणांवर वेळ घालवू नका. द्रावण नव्याने बनवा.

टिप बर्नला कॅल्शियमचा डोस

गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात आणि माल नाकारला जातो. कमतरता कॅल्शियमचीच असते, पण पानात. टाकीत १५० पीपीएम असूनही हे घडतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं. मिटलेल्या गाभ्यातलं पान बाष्प सोडत नाही, म्हणून प्रवाह बाहेरच्या मोठ्या पानांकडे वळतो. वाढ जितकी वेगात, तितका त्रास जास्त.

उपाय हवेत आहे. पंख्याची हवा वरून थेट गाभ्यावर उतरू द्या, भर दुपारी शेडनेट ओढा, ईसी खाली आणा, अमोनियमचं नत्र एकूण नत्राच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. बटरहेडसारख्या गाभा मिटणाऱ्या जातीत कॅल्शियमची फवारणी आत पोहोचत नाही. काढणी चार-पाच दिवस आधी करणं मात्र हमखास उपयोगी पडतं.

मुळं न बघणं

एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं. २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मुळांची गरज मात्र वाढलेली असते आणि पिथियम बुरशीला तेच हवं असतं. दुपारी रोप मान टाकतं, पानं फिकट पडतात आणि शेतकऱ्याला वाटतं नत्र कमी पडलं. नेट पॉट (रोपाची जाळीदार कुंडी) उचला. निरोगी मूळ पांढरं आणि घट्ट असतं. तपकिरी, बुळबुळीत मूळ बोटांत ओढल्यावर साल निघून आत दोरा उरत असेल तर खताचा प्रश्नच नाही. टाकी जमिनीत पुरा, चॅनेलला पांढरा रंग द्या, शक्य असेल तर चिलर लावा. दर चॅनेलला मिनिटाला १ ते २ लिटर प्रवाह हवा.

लक्षण शेडमध्ये कुठे दिसतंय हेही पाहा. सगळीकडे सारखं असेल तर द्रावणात दोष. एकाच चॅनेलमध्ये असेल तर नळी तुंबलेली. फक्त शेवटच्या टोकाला असेल तर प्रवाह किंवा प्राणवायू कमी. इकडे-तिकडे विखुरलेलं असेल तर पान उलटं करून भिंगाने बघा: फुलकिडे असतील, किंवा शिरांनी अडवलेले पिवळे कोनी ठिपके आणि खाली पांढरी वाढ, म्हणजे केवडा.

पान वाचताना गोंधळ

जुनं पान आधी बिघडलं तर नत्र, स्फुरद, पालाश किंवा मॅग्नेशियम. रोप हे जुन्यातून काढून नव्याला देतं. कोवळं आधी बिघडलं तर लोह, कॅल्शियम, बोरॉन, मंगल. मॅग्नेशियम आणि लोहाच्या कमतरतेत शिरांमधला भाग सारखाच पिवळा होतो, म्हणून पान खालचं की वरचं एवढ्यावरच निदान ठरतं. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम अडतं. तिथे आधी पालाश उतरवा.

खात्री नसेल तर दहा रोपांना खूण करा. त्यांतल्या पाचांवर संध्याकाळी मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर फवारा, उरलेल्या पाचांवर चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम प्रति लिटर. ज्या गटात पाच-सहा दिवसांत हिरवेपणा परततो, तेच अन्नद्रव्य टाकीत दुरुस्त करा. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, तिच्याकडे पाहून डोस वाढवू नका.

ईसी बरोबर असूनही काहीच जुळत नसेल तर त्या ईसीत सोडियम आणि क्लोराइड किती साचलंय हे मीटर सांगत नाही. बोअरच्या पाण्यात सोडियम ५० पीपीएमच्या वर असेल तर दर दोन आठवड्यांनी सगळं द्रावण बदला आणि जुनं पाणी बांधावरच्या नारळांना सोडा.