खानदेशातून कांदळवनाच्या इंटर्नशिपला जाताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की अमळनेर-धुळ्याकडची दोन-चार मुलं ऑन जॉब ट्रेनिंगचा फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आम्ही तर समुद्रच पाहिला नाही. आम्हाला कांदळवनाच्या कामाला घेतील का?" घेतात. कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल, मॅन्ग्रोव्ह. मीही अशीच गेले होते, वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला असताना, रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली तापी. तिथे मी ज्या चुका केल्या, त्याच आजही आपली मुलं करतात. त्यातल्या बहुतेक चुका आपण कोरड्या मुलखातून जातो म्हणूनच होतात, आणि आधी कुणी सांगितलं तर टळतात.

अर्जात नुसतं "मला निसर्गाची आवड आहे" लिहिणं

आवड सगळेच लिहितात. समोरच्याला हवं असतं ते तुम्हाला काय करता येतं हे. यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळला सहलीत क्वाड्रॅट (मोजमापाचा ठरावीक चौकोन) टाकून झाडं मोजली असतील तर ते लिहा. घरच्या बोअरच्या पाण्याचा क्षार मोजला असेल तर तेही लिहा. पाण्यातला क्षार मोजणारं ईसी मीटर हाताळलेलं पोर खाडीवर फार उपयोगी पडतं, कारण तिथे सगळा खेळ खारेपणाचाच आहे.

आणि तापी विसरू नका. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. देशात पश्चिम बंगालनंतर सर्वाधिक कांदळवन गुजरातेत आहे आणि त्यातलं काही तापीसारख्या नद्यांच्या मुखांशी उभं आहे. गिरणेत, पांझरेत, बोरीत पडलेली प्लास्टिकची पिशवी पुरासोबत तापीत जाते. हतनूर आणि उकाईसारखी धरणं गाळ अडवतात, आणि कांदळवन तर गाळावरच जगतं. वरच्या अंगाला राहणारा विद्यार्थी खालच्या अंगाचा प्रश्न घेऊन आला, तर अर्ज वाचणारा नक्की थांबतो.

होकार आला की लगेच तिकीट काढू नका. देखरेख कोण करणार, रोजचं काम काय, राहण्याची सोय कुठे, जंगलात शिरायची परवानगी कुणाच्या नावावर आहे, हे लेखी विचारा. राज्यातलं सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालेलं आहे, तिथून पानफूल तोडून आणायलाही परवानगी लागते. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे आणि त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान काम करतं. चौकशी तिथूनच सुरू करा. आधी फी भरा, मग घरबसल्या प्रमाणपत्र घ्या, असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

घड्याळ बघून खाडीवर जाणं

ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी मैत्रिणी कॉलेजच्या सवयीने नाश्ता करून अकराला खाडीवर गेलो. झाडं मोजण्यात इतक्या गुंतलो की मागे काय चाललंय ते कळलंच नाही. येताना ज्या ओहळात घोट्याएवढं पाणी होतं, तिथे परतताना कमरेच्या वर पाणी होतं आणि ते आमच्याकडेच सरकत होतं. भरती आपल्या नदीच्या पुरासारखी गर्जत येत नाही. ती आधी बारीक ओहळांतून मागच्या बाजूने शिरते आणि मग समोरून दिसते. एका कोळी काकांनी होडी आणून आम्हाला बाहेर काढलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्हाला सांगता आली नाही. पौर्णिमा होती.

तिथी तर आपल्या प्रत्येक घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यासाठी जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्याच्या सुमारे सहा तास आधी, पावणेदहाच्या आसपास, ओहोटी. म्हणजे पंचमीला सकाळी पावणेआठ ते पावणेदहा हा कामाचा वेळ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे उधाणाची भरती, त्या दिवशी अकराला चिखलात उतरायचंच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब अंदाजापुरता. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची, कारण खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा पोहोचतं. पाण्याची चढउतारही सगळीकडे सारखी नसते. मुंबईला उधाणात ती पाच मीटरपर्यंत जाते, सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते, तर खंबातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरच्याही वर जाते.

नियम एकच ठेवा: पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास उतरा आणि पाणी वळलं की निघा. पाणी पायाला लागेपर्यंत थांबू नका.

चिखलात पाय रुतला तर आपण जोर लावून वर ओढतो. त्याने दुसरा पायही रुततो. अशा वेळी मागे रेलून बसा, अंगाचा भार पसरू द्या आणि टाच हळूहळू हलवत पायाभोवती जागा करा. गमबूट नकोत, ते चिखलात राहतात आणि पाय तेवढा बाहेर येतो. घट्ट लेस बांधलेले जुने कापडी बूट उत्तम. अनवाणी तर कधीच नाही. मुळांना चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या असतात.

"आपण तर पंचेचाळीस अंश सोसतो"

जळगाव-भुसावळच्या पोरांना उन्हाचा अभिमान असतो, आणि तो खराही आहे. पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, अंग थंड होतं. खाडीवर पारा चौतीसवर असतो, घाम मात्र वाळतच नाही. माझ्याबरोबरचा भुसावळचा एक धडधाकट मुलगा तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. मीठ-साखरेचं पाणी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पहिले तीन दिवस निम्मं काम, एवढं पाळा.

मोकळी जागा दिसली की रोप लावणं

आपल्याकडे उघडी टेकडी दिसली की मनात येतं, इथे झाडं लागली पाहिजेत. सातपुड्यात ते बरोबरही असतं. तीच नजर घेऊन आपण खाडीवर जातो आणि चुकतो.

माझ्या इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात एका संस्थेचा रोपलागवडीचा कार्यक्रम होता. झाडांच्या पुढे पाण्याच्या बाजूला पसरलेला सपाट चिखल मोकळा होता, म्हणून रोपं तिथे लावली. फोटो छान आले. चार महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा बांबूच्या काठ्या ओळीने उभ्या होत्या आणि एकाही काठीला रोप नव्हतं. काठ्यांवर शंखांचे थर बसले होते.

कारण साधं आहे. कांदळवन साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या भरतीच्या खाली, त्या मधल्या पट्ट्यात वाढतं. त्याहून खाली रोप दिवसातला फार काळ पाण्यात बुडून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, लाटा त्याला हलवत राहतात. जिथे आधीपासून झाड नाही, तिथे झाड नसण्याला बहुतेक वेळा कारण असतं. आणि तो चिखल रिकामा नसतो. तिथे निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत असतात, ओहोटीला पक्षी चरतात, गावातल्या बायका शिंपल्या वेचतात. तिथे रोपं ठोकणं म्हणजे एक चांगली जागा मोडून दुसरी होऊ न देणं.

मग इंटर्नने करायचं काय? बघायचं. पाणी कुठून येतं, कुठे अडतं. पुष्कळदा एखादा रस्ता, बांध किंवा भराव भरतीचं पाणी अडवतो आणि मागची झाडं वाळतात. तिथे रस्त्याखालची एक बुजलेली मोरी उघडली की पाणी आत येतं, पाण्याबरोबर बिया येतात आणि वन आपलं आपण उगवतं. अशी बुजलेली जागा शोधून नकाशावर दाखवलीत, तर शंभर रोपांपेक्षा ते काम मोठं.

लागवड करायचीच असेल तर झाडही पाहून घ्या. कांदळ नावाच्या झाडाची बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखी लांब लोंबते. ती खड्डा न करता सुमारे एक तृतीयांश चिखलात सरळ खोचायची. तिवर या दुसऱ्या झाडाची रोपं आधी रोपवाटिकेत पिशवीत वाढवतात. दोन्हींना एकच पद्धत लावली की नुकसान ठरलेलं.

पानाच्या एका फोटोवर झाडाची जात ठरवणं

मोबाईलमधलं ॲप सांगेल ते वहीत लिहू नका. मुळं बघा, ओळख तिथूनच सुरू होते. चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक श्वसनमुळं वर आलेली असतील तर तिवर. जाड, शंकूसारखी असतील तर चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे. खोडातून कमानीसारखी आधारमुळं उतरलेली असतील तर कांदळ, त्याच्या पानाच्या टोकाला बोट लावलंत तर टोचेल. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागेल. पान मीठ बाहेर टाकतं आणि उन्हात त्याचे कण चमकतात. मला पुस्तकातलं 'क्षारोत्सर्जन' त्या क्षणी समजलं.

पण चाखण्याची ही हौस तिवरापुरतीच ठेवा. फुंगाळी या कांदळवनातल्याच झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जबर दुखावतो. फांदी मोडून पांढरा चीक आला की हात लगेच धुवा, चेहऱ्याला लावू नका.

प्रत्येक झाडाचे पाच फोटो घ्या: पानाच्या दोन्ही बाजू, साल, मूळ, आणि फूल किंवा फळ. नोंदी पेन्सिलीने करा, शाई खाऱ्या पाण्यात फुटते.

उपग्रहाच्या चित्रावर डोळे झाकून विश्वास

काहींना घरच्या अडचणींमुळे किनाऱ्यावर जाता येत नाही. ते जळगावात बसून नकाशाचं काम घेतात, आणि ते कमी दर्जाचं मुळीच नाही. फक्त चित्र कोणत्या वेळचं आहे ते पाहा. भरतीच्या वेळचं चित्र आणि ओहोटीच्या वेळचं चित्र शेजारी ठेवून "कांदळवन घटलं" असं लिहिलेला अहवाल मी पाहिला आहे. घटलं काहीच नव्हतं, काठाची छोटी झाडं पाण्याखाली होती. दोन्ही चित्रं सारख्या पातळीच्या पाण्याची घ्या.

गावाला डावलून काम करणं

साक्री तालुक्यातलं बारीपाडा आपल्याला माहीत आहे. तिथलं जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते जंगल वाचलं ते गावाने स्वतः नियम करून पाळले म्हणून. खाडीवरही तेच चालतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे झाड तुटलं तर आधी त्यांना कळतं. म्हणून पोहोचल्यावर पहिला दिवस चिखलात न घालवता जेट्टीवर बसा. मासे विकणाऱ्या मावशींना विचारा, पूर्वी चिंबोरी (खेकडा) कुठे मिळायची, आता कुठे मिळते. आपली अहिराणी त्यांना कळणार नाही, त्यांची बोली आपल्याला अर्धी कळेल. घाई केली नाही तर दोघांचं भागतं.

कुणी भराव टाकताना दिसलं तर तिथेच डंपरवाल्याशी वाद घालू नका. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली आहे आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखला आहे. कायदा बाजूने असला तरी एकट्याने पुढे जायचं नाही. तारीख, वेळ आणि ठिकाणासह लांबून फोटो घ्या आणि मार्गदर्शकांना द्या. तक्रार संस्थेच्या नावाने जाऊ द्या.

तासांची घाई

ऑन जॉब ट्रेनिंगच्या चार क्रेडिटचे १२० तास पंधरा दिवसांत उरकायचा बेत इथे बसत नाही. ओहोटी रोज दोनेक तासच देते. महिना धरा, उरलेल्या वेळात नमुने, नोंदी आणि माणसं.

परत आल्यावर अहवाल कॉलेजला दिलात की काम संपलं असं समजू नका. साध्या मराठीत एक पान लिहा: कुठे काय दिसलं, पाणी कुठे अडलंय. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा आणि ज्या गावात राहिलात तिथल्या ग्रामपंचायतीला, बचत गटाला आणि ज्यांनी होडी दिली त्यांना पाठवा. माझा कागद मी दोन वर्षं उशिरा पाठवला. तोवर त्यातल्या एका ओहळावर रस्ता झाला होता.