बास क्लॅरिनेटवर भुसभुशीत बी फ्लॅट भरीव कसा काढावा

जळगाव-धुळ्याच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजतो त्या बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर ई. बास क्लॅरिनेटची नळी त्याहून खाली ई फ्लॅटपर्यंत, काहींची थेट सी पर्यंत उतरते. ही जादा नळी नुसत्या खर्जासाठी नाही. (सुरांची नावं इथे नोटेशनमध्ये लिहितात तशी, प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुराची नाहीत.)

सनई, सॅक्सोफोन शंकूसारखे, म्हणून फुंक चढली की सूर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि रीडच्या टोकाला बंद, त्यामुळे सूर सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर जातो. म्हणून खालच्या ई फ्लॅटला रजिस्टर चावी (सूर वरच्या टप्प्यात नेणारी चावी) जोडली की बी फ्लॅट, डी ला ए, सी शार्पला जी शार्प, सी ला जी. नेहमीच्या बोटांनी नेमके हेच चार सूर पोकळ निघतात, कारण तेव्हा बहुतेक भोकं उघडी असतात. जादा नळीवरून घेतले की ते भरीव होतात.

१. आधी चाव्या बघा. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड सुकून आकसतं, लांब दांडे खांबांमध्ये आवळतात आणि दाबलेली चावी वर येत नाही. पॅडखाली (भोक झाकणाऱ्या गादीखाली) पातळ कागदाची पट्टी धरून ओढा. सैल निघाली तर तिथे हवा गळते. मग पुढचं काहीच जमणार नाही.

२. खालचा ई फ्लॅट धरा. ओठ न हलवता रजिस्टर चावी दाबा. आधी ‘घर्र’ होऊन सूर उशिरा चढला तर ओठ आवळू नका. ‘ई’ म्हणताना असते तशी जीभ उचला.

३. ट्यूनरवर दोन्ही बी फ्लॅट, नेहमीच्या बोटांचा आणि हा, ताडून बघा. रजिस्टरचं भोक प्रत्येक सुराला हवं तिथे असू शकत नाही, आणि जागा चुकली की सूर चढतो. चढा लागला तर जबडा किंचित सैल सोडा.

४. आता सा सी वर धरून कोमल नि–सा घ्या. नेहमीच्या पद्धतीत इथे जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली आणावी लागतात. त्याऐवजी या सी ची चावी (नळीच्या तळाच्या सी ची नव्हे) डाव्या करंगळीने दाबूनच ठेवा. उजव्या करंगळीने ई फ्लॅटची चावी दाबली की नि, उचलली की सा. बाकी हात जागचा हलत नाही. सी उजव्या करंगळीने घेतलात तर तीच करंगळी घसरवावी लागते आणि मध्ये खडखड ऐकू येते.

ए, जी साठीच्या चाव्या मॉडेलनुसार करंगळीवर किंवा उजव्या अंगठ्यावर असतात. संथ आलापात त्या वापराव्यात. द्रुत तानेत नको, तिथे जुनी बोटंच बरी. ई फ्लॅटपर्यंतच्या बासवर चारांपैकी फक्त बी फ्लॅट मिळतो, पण सगळ्यात पोकळ सूर तोच असल्याने तेवढ्यानेही बरंच भागतं.