घरी काडतुसे भरताना या चुका टाळा: कोणते कॅलिबर सोपे, कोणते अवघड

अमेरिकेत राहणाऱ्या आणि रेंजवर नियमित जाणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात हा विषय हटकून निघतो: विकतची काडतुसे परवडत नाहीत, रिकाम्या पितळी केस, म्हणजे काडतुसांची कवचे, तर जमिनीवर पडलेल्या असतात, मग त्या घरी पुन्हा भरायच्या झाल्यास सुरुवात कोणत्या कॅलिबरपासून करावी? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास केंद्रीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो, आणि राज्यांचे व शहरांचे नियम निराळे असू शकतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे पुण्यामुंबईच्या वाचकांनी हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा. दारूच्या वजनाचे आकडे येथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू आवृत्तीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचे असतात, कोणाच्या लेखातून किंवा मित्राच्या वहीतून नव्हे.

कॅलिबर निवडतानाच होणारी चूक

नवखे लोक बहुधा काडतुसाचा आकार किंवा ताकद पाहून अंदाज बांधतात: लहान ते सोपे, मोठे ते अवघड. प्रत्यक्षात काठिण्य ठरते ते वेगळ्याच गोष्टींवर. केस सरळ नळीसारखी आहे की बाटलीसारखी मान असलेली, काडतूस चेंबरमध्ये (शस्त्रातल्या काडतूस बसण्याच्या पोकळीत) कशावर टेकून थांबते, आत दाब किती तयार होतो, दारू भरल्यावर केसमध्ये मोकळी जागा किती उरते आणि प्रायमर (ठोका बसताच दारू पेटवणारी तळातली छोटी टोपी) कोणत्या पद्धतीचा आहे, या पाच बाबी तपासल्या की कोणत्याही कॅलिबरचा स्वभाव कळतो. जे काडतूस भरायला सोपे असते ते चुकायलाही सोपे असते, ही गोष्ट मात्र फार थोडे जण सुरुवातीला ध्यानात घेतात.

.३८ स्पेशल: सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत जपून

माझ्या मते शिकण्यासाठी .३८ स्पेशलइतके चांगले काडतूस दुसरे नाही. केस सरळ आहे, त्यामुळे कार्बाइडची डाय (केस पुन्हा आकारात आणणारा साचा) वापरल्यास वंगण लावावे लागत नाही. काडतूस मागच्या कडेवर, म्हणजे रिमवर टेकते, त्यामुळे केसच्या लांबीतला थोडा फरक खपून जातो. अमेरिकी उद्योगसंस्था ‘सामी’ हिने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. त्याच्याच लांब भावंडाची, .३५७ मॅग्नमची, ती ३५,००० आहे. दाब कमी असल्याने केस पुष्कळ वेळा वापरता येते, आणि रिव्हॉल्व्हरमधून उडवल्यावर ती गवतात हरवतही नाही.

धोका आहे तो मोकळ्या जागेत. हे काडतूस १८९८ मध्ये काळ्या दारूसाठी आखले गेले, म्हणून त्याची केस लांब आणि प्रशस्त आहे. आजची जलद जळणारी धूरविरहित दारू, उदाहरणार्थ बुल्सआय किंवा टाइटग्रुप, या केसच्या तळाशी जेमतेम थोडीशी दिसते. एकाच केसमध्ये चुकून दोनदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही. गोळी वरून नीट बसते आणि बाहेरून ते काडतूस इतर काडतुसांसारखेच दिसते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटण्याच्या घटनांमागे हे कारण वारंवार आढळते. उपाय साधा आहे, पण तो प्रत्येक वेळी करायला हवा. दारू भरलेल्या केस लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या कराव्यात आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये दिव्याचा प्रकाश पाडून दारूची पातळी शेजारच्या केसशी ताडून पाहावी. सुरुवातीला जागा जास्त व्यापणारी दारू निवडणे त्याहून चांगले. दोनदा पडली तर ती केसबाहेर सांडते आणि चूक आपोआप उघडी पडते. फोन वाजला किंवा कोणी हाक मारली, तर हातातली केस रिकामी करून पुन्हा सुरुवात करावी.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. दारू पडलीच नाही, तर केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज नेहमीपेक्षा मंद येतो, धक्का जाणवत नाही. अशा वेळी पुढचा बार मुळीच काढू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबावे, शस्त्र पूर्ण रिकामे करावे आणि नळीत दांडी घालून अडथळा आहे का ते पाहावे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी गेली की नळी फुगते किंवा फाटते.

.३५७ मॅग्नमबाबत एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. एच ११० आणि विंचेस्टर २९६ यांसारखी दारू ‘सौम्य काडतूस हवे’ म्हणून मनाने कमी करायची नसते. ती कमी भरल्यास नीट पेटत नाही, आणि गोळी नळीत अडकण्याचा वर सांगितलेला प्रसंग ओढवू शकतो. सौम्य काडतूस हवे असेल तर त्यासाठी वेगळी दारू निवडावी.

९ मिमी आणि .४५ एसीपी

सर्वाधिक झाडले जाणारे पिस्तुलाचे काडतूस ९ मिमी ल्युगर असल्याने बहुतेक लोक तेथूनच सुरुवात करतात. ते अशक्य नाही, पण केस लहान आणि दाब ३५,००० पीएसआय, म्हणजे चुकीला जागा कमी. गोळी ठरलेल्या खोलीपेक्षा थोडी आत गेली तरी गोळीमागची जागा आक्रसते आणि दाब वेगाने चढतो. म्हणून भरलेले काडतूस अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबून पाहावे आणि गोळी हलली का ते कॅलिपरने मोजावे. तसेच हे काडतूस केसच्या तोंडावर टेकून थांबते; .३८ च्या सवयीने तोंड आत वळवून घट्ट क्रिंप केल्यास टेकायला कडच उरत नाही. येथे केसचे फुललेले तोंड सरळ करण्यापुरताच हलका क्रिंप हवा. रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात .३८० च्या १७ मिमी लांबीच्या केस मिसळलेल्या असतात, त्याही वेगळ्या काढाव्यात.

.४५ एसीपीचा दाब २१,००० पीएसआयच आहे आणि केस हाताळायला सोयीची आहे; .३८ नंतर मी हेच सुचवेन. मात्र त्याच्या केस दोन प्रकारच्या मिळतात, मोठ्या प्रायमरच्या आणि लहान प्रायमरच्या. लहान खळगीत मोठा प्रायमर रेटला तर तो प्रेसवरच (काडतुसे भरण्याच्या दाबयंत्रावरच) उडण्याची शक्यता असते. त्यामुळे भरण्याआधी निवड करणे भाग आहे, आणि प्रायमर बसवताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

रायफलची बाटलीसारखी काडतुसे

.३०८ विंचेस्टर, .३०-०६ किंवा .२२३ रेमिंग्टन ही काडतुसे अवघड म्हणण्यापेक्षा कष्टाची आहेत. प्रत्येक केसला वंगण लावावे लागते. ते राहून गेले तर केस डायमध्ये अशी रुतते की तिचा तळ भोक पाडून ओढावा लागतो. केस प्रत्येक वेळी लांबते, म्हणून ती मोजून कापावी लागते. .२२३ साठी कमाल लांबी ४४.७० मिमी आणि .३०८ साठी ५१.१८ मिमी आहे. मान त्याहून लांब राहिली तर चेंबरच्या टोकाशी गोळी आवळली जाते आणि दाब वाढतो. लष्करी केसमध्ये प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो. तो काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. शिवाय ७.६२ नाटोची लष्करी केस बहुधा जाड असते, आतली जागा कमी असते, त्यामुळे नागरी केससाठी ठरवलेली दारू तशीच भरणे धोक्याचे ठरते.

.२२३ भरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीबाबत कठोर असावे. .३०० ब्लॅकआउटची केस .२२३ च्याच केसपासून तयार होते आणि त्याच मॅगझिनमध्ये बसते. ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये गेले आणि चाप ओढला गेला तर रायफल फुटते. ज्यांच्याकडे दोन्ही शस्त्रे आहेत त्यांनी दोन्ही कॅलिबरचे सामान एकाच वेळी टेबलावर ठेवू नये.

.३०३ आणि खडकीची काडतुसे

ली-एनफिल्ड रायफल आणि तिचे .३०३ काडतूस यांच्याशी आपल्याकडच्या पोलीस दलांचा संबंध अनेक दशकांचा आहे, आणि १८६९ पासूनच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली, तळावर ‘केएफ’ अक्षरे उमटवलेली जुनी लष्करी काडतुसे अमेरिकेतील संग्राहकांपर्यंत पोहोचली आहेत. ती भावनेपोटी जपण्यास हरकत नाही, पण पुन्हा भरण्यासाठी ती कामाची नाहीत. त्यांत बर्डन पद्धतीचा प्रायमर असतो. त्या केसच्या तळाला मधोमध एक छिद्र नसते, बाजूला दोन बारीक छिद्रे असतात, त्यामुळे नेहमीच्या डायची प्रायमर काढणारी टाचणी आत घुसत नाही. जोर केला तर ती वाकते किंवा तुटते. कोणत्याही अनोळखी केसमध्ये आधी टॉर्चने पाहावे: मधोमध एक छिद्र दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची, म्हणजे भरण्याजोगी.

केस बॉक्सरची घेतली तरी .३०३ ची खरी अडचण पुढेच आहे. युद्धातल्या चिखलमातीतही काडतूस आत जावे म्हणून या रायफलींचे चेंबर ऐसपैस कापलेले असतात. बार झाल्यावर केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुढे सरकतो. आपण डायने तो पूर्ण मागे ढकलतो. पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे जातो. या ओढाताणीत तळाच्या थोडे वर पितळ पातळ होत जाते आणि एक दिवस केसचे दोन तुकडे होतात, पुढचा भाग चेंबरमध्येच राहतो. म्हणून एकाच रायफलसाठी भरत असाल तर फक्त मान आकारात आणावी, खांद्याला हात लावू नये. प्रत्येक केस भरण्यापूर्वी एका पातळ तारेचे टोक काटकोनात वाकवून ते आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढावे. निरोगी केसमध्ये तार सलग घसरते. पातळ झालेल्या केसमध्ये ती एका खाचेत अडखळते आणि बाहेरून त्याच जागी चकचकीत वर्तुळ दिसते. अशी केस चिमट्याने चेपून भंगारात टाकावी. .३०३ ला ०.३११ ते ०.३१२ इंच व्यासाची गोळी लागते, .३०८ ची चालत नाही, हेही विसरू नये.

७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम यांसारख्या तळाशी पट्टा असलेल्या केसमध्ये हेच दुखणे पट्ट्याच्या पुढे होते. तेथे खांदा सुमारे ०.०५ मिमीच मागे जाईल अशी डाय लावली की केसचे आयुष्य वाढते.

नवख्यांनी दूर राहावे अशी

.४४-४० आणि .३२-२० यांच्या माना इतक्या पातळ असतात की गोळी बसवताना किंचित वाकडेपणा आला तरी केस चुरगळते. .३५७ सिगची मान आखूड आहे, गोळीला धरून ठेवायला पितळच अपुरे पडते, आणि चुकीच्या आकाराची गोळी मागे सरकते. ५.७×२८ मध्ये दारू अगदी थोडी लागते, त्यामुळे मोजमापातला क्षुल्लक फरकही मोठा होतो. शिवाय केसवरचा कारखान्यातला लेप घासून काढला की पिस्तुलात ती सुरळीत निघत नाही. .२५ एसीपी बोटांत धरणेच कठीण. .५० बीएमजीला नेहमीच्या मापाची प्रेस आणि डाय पुरत नाहीत. .३०-३० तसे सोपे आहे, पण नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकते, म्हणून तेथे चपट्या टोकाची गोळी आणि पक्का क्रिंप हवा. .२२ लाँग रायफलच्या वाटेला जाऊच नये: त्याचे स्फोटक मिश्रण केसच्या कडेत असते, एकदा शस्त्राची पिन तिच्यावर बसली की ती कड चेपते आणि ते काडतूस संपते.

कोणत्याही कॅलिबरला लागू असलेल्या चुका

डिजिटल काट्यावर ग्रॅम आणि ग्रेन ही दोन्ही एकके असतात आणि बटण चुकून दाबले जाते. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन होतात. मेट्रिक मापांत वाढलेल्या आपल्या लोकांची येथे गफलत होण्याचा संभव अधिक आहे. काम सुरू करताना आणि मध्येमध्ये तपासणीचे प्रमाण वजन ठेवून आकडा आणि एकक दोन्ही वाचावेत. दारूच्या नावांतही फसगत आहे. एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या दारू आहेत, त्यांचे आकडे एकमेकींना लागू नाहीत. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा आणि काम संपताच मोजणीच्या यंत्रातली दारू त्याच डब्यात परत जावी.

सपाट झालेला प्रायमर हे जास्त दाबाचे लक्षण मानले जाते, पण .३८ किंवा .४५ सारख्या कमी दाबाच्या काडतुसात ते लक्षण दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून पुस्तिकेतल्या किमान आकड्यापासून सुरुवात करून थोडे थोडे वर जाणे, आणि गोळी, केस किंवा प्रायमर यांपैकी काहीही बदलले तर पुन्हा खाली येणे, यास पर्याय नाही.

प्रायमर मूळ खोक्यातच ठेवावेत. काचेच्या बरणीत सुटे ओतलेले प्रायमर एक उडाला तर सगळे उडतात. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसे असते, त्यामुळे केस घासण्याचे यंत्र मुलांच्या वावराच्या जागी चालवू नये, त्या टेबलावर चहा-फराळ नको आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकात राहत्या घरात मूळ डब्यांतली २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर ही मर्यादा आहे. स्थानिक नियम त्याहून कडक असतील तर ते पाळावेत.

भरलेल्या प्रत्येक खोक्यावर कॅलिबर, दारूचे पूर्ण नाव व वजन, गोळी, प्रायमर आणि तारीख लिहावी. चिठ्ठी नसलेले खोके सापडले तर त्यातली काडतुसे झाडू नयेत. हातोडीसारख्या गोळी-काढणीने गोळ्या सोडवून केस आणि गोळ्या परत वापरता येतील, पण आतली दारू ओळखीची वाटली तरी ती डब्यात परत टाकायची नाही.